बंगळूरचे विज्ञानमंदिर

विद्यापीठ म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे परीक्षा, पदवीदान समारंभ आणि हातात पदवीपत्र घेतलेले पदवीधर एवढेच चित्र उभे राहते. परंतु विद्यापीठाचे कार्य एवढ्यावर संपत नाही. पूर्वजांनी मिळवलेले ज्ञान पुढच्या पिढीच्या हाती देणे हे त्याचे एक कार्य, आणि त्या ज्ञानात स्वतःच्या श्रमाने नवी भर घालणे हे दुसरे. पहिल्यास अध्यापन म्हणतात, दुसऱ्यास संशोधन. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या देशात कलकत्ता, मुंबई, मद्रास, लाहोर व अलाहाबाद येथे विद्यापीठे होती. परंतु त्यांची बरीचशी शक्ती परीक्षा घेण्यात आणि पदव्या देण्यातच खर्ची पडत असे. ज्या तरुणाला शास्त्रात नवे काही शोधून काढण्याची हौस असे, त्याला सुसज्ज प्रयोगशाळेसाठी बहुधा परदेशाची वाट धरावी लागे. ही उणीव दूर करण्याचा ध्यास एका पुरुषाने घेतला. त्याच्या त्या ध्यासातून उभी राहिलेली संस्था म्हणजे बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था होय.

हा पुरुष म्हणजे मुंबईचे प्रसिद्ध उद्योगपती जमशेटजी नसरवानजी टाटा. त्यांचा जन्म १८३९ साली गुजरातेतील नवसारी येथे झाला. नागपूरची कापडाची गिरणी चालवून त्यांनी मोठा लौकिक मिळवला होता. देशात पोलादाचा कारखाना निघावा आणि धबधब्यांच्या पाण्यापासून वीज निर्माण व्हावी, हे विचारही त्यांच्या मनात सतत घोळत असत. परंतु केवळ यंत्रे विकत आणून उद्योग उभे राहत नाहीत, हे त्यांनी ओळखले होते. यंत्र बिघडले तर ते दुरुस्त करणारा कारागीर हवा, त्याहून चांगले यंत्र कल्पिणारा शास्त्रज्ञ हवा. अशी माणसे घडवावी तरी कोठे? १८९२ साली जमशेटजींनी हुशार तरुणांना परदेशी जाऊन शिकता यावे म्हणून एक निधी स्थापन केला. परंतु परदेशी जाऊन किती जण शिकणार? ज्ञानाची गंगा आपल्याच भूमीवर आणल्यावाचून सर्वांची तहान भागणार नाही, असे त्यांना वाटू लागले.

१८९३ साली जपानहून अमेरिकेकडे जाणाऱ्या एका आगबोटीवर जमशेटजींची स्वामी विवेकानंदांशी भेट झाली. स्वामीजी त्या वेळी शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेस निघाले होते. एक संन्यासी, तर दुसरा व्यापारी. पण देशाच्या दारिद्र्याची तळमळ दोघांच्याही ठायी सारखीच होती. त्या प्रवासातील संभाषणाचा विसर जमशेटजींना पडला नाही. पुढे २३ नोव्हेंबर १८९८ रोजी त्यांनी स्वामीजींना पत्र लिहून आपल्या संकल्पित संस्थेची माहिती कळवली आणि या कार्याला त्यांचा पाठिंबा मागितला.

जमशेटजींचा संकल्प साधा नव्हता. आपल्या मालकीच्या मुंबईतील इमारती व जमिनी त्यांनी या कामासाठी देऊ केल्या. त्यांची किंमत त्या काळी सुमारे ३० लक्ष रुपये होती, आणि त्यांपासून दरसाल सव्वा लक्ष रुपयांचे उत्पन्न येईल असा अंदाज होता. आपल्या संपत्तीचा जवळजवळ अर्धा वाटा त्यांनी अशा रीतीने एका न जन्मलेल्या संस्थेच्या नावे लिहून देण्याची तयारी केली. परंतु संस्थेला आपले नाव द्यावे, असा आग्रह त्यांनी धरला नाही. आपले विश्वासू सहकारी बर्जोरजी पादशहा यांना त्यांनी युरोप व अमेरिकेतील विद्यापीठे पाहण्यासाठी धाडले. तेथील प्रयोगशाळा कशा चालतात, ग्रंथालये कशी असतात, अध्यापकांची निवड कशी होते, याची बारकाईने पाहणी करून पादशहांनी एक योजना तयार केली.

३० डिसेंबर १८९८ रोजी हिंदुस्थानचे नवे व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन मुंबईच्या बंदरात उतरले. दुसऱ्याच दिवशी एका शिष्टमंडळाने त्यांची गाठ घेऊन ही योजना त्यांच्यापुढे ठेवली. कर्झनसाहेबांनी ती ऐकून घेतली. पण त्यांना दोन शंका आल्या. एवढे उच्च शास्त्रीय शिक्षण घेण्यास लायक असे विद्यार्थी या देशात मिळतील काय? आणि मिळालेच, तर शिकून बाहेर पडल्यावर त्यांना काम कोठे मिळणार? शंका कितीही बोचऱ्या असल्या तरी त्यांचे उत्तर वादाने देता येण्यासारखे नव्हते. ते केवळ कृतीनेच द्यावयाचे होते. आणि त्या कृतीला बराच अवधी लागणार होता.

सरकारच्या विनंतीवरून १९०० साली विख्यात स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ सर विल्यम रॅम्झे हिंदुस्थानात आले. हवेत अत्यल्प प्रमाणात असणारे निऑन, क्रिप्टॉन यांसारखे वायू शोधून काढणारे ते हेच रॅम्झे. त्यांनी देशभर प्रवास केला आणि संस्थेसाठी बंगळूर हे स्थान सुचवले. त्याला कारणेही तशीच होती. समुद्रसपाटीपासून सुमारे ३,००० फूट उंचीवर वसलेल्या त्या शहराची हवा थंड व आल्हाददायक होती. म्हैसूरचे संस्थानिक विद्येचे चाहते होते. शिवाय त्याच प्रांतात कावेरी नदीच्या शिवसमुद्रम् धबधब्यावर वीज निर्माण करण्याचे काम हाती घेतले गेले होते. १९०२ साली तेथील वीज कोलारच्या सोन्याच्या खाणींना मिळू लागली. शास्त्रीय संस्थेला असा शेजार लाभणे हे मोठे भाग्यच होते. पुढे नेमलेल्या दुसऱ्या समितीनेही बंगळूरचीच निवड योग्य ठरवली.

तथापि कागदपत्रे एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत फिरतच राहिली. खर्च किती, सरकारचा वाटा कोणता, कारभार कोणाच्या हाती, या प्रश्नांचा काथ्याकूट वर्षानुवर्षे चालला. मूळ योजनेत शास्त्राबरोबर वैद्यक, तत्त्वज्ञान व शिक्षण यांचाही विचार होता. त्यातील कितीतरी गोष्टींना कात्री लागली. अखेरीस १९ मे १९०४ रोजी जर्मनीत जमशेटजींचे निधन झाले. ज्या संस्थेसाठी त्यांनी आपली संपत्ती देऊ केली होती, तिचा पायाचा दगडही त्यांना पाहावयास मिळाला नाही.

अशा वेळी अनेक चांगले संकल्प त्यांच्या जनकाबरोबरच नाहीसे होतात. वारसांनी हात आखडता घेतला असता तर याही संकल्पाची तीच गत झाली असती. परंतु जमशेटजींचे पुत्र दोराबजी व रतनजी यांनी पित्याचा शब्द आपला शब्द मानला आणि देऊ केलेली मालमत्ता संस्थेस दिली. म्हैसूर दरबारानेही मोठे औदार्य दाखवले. महाराज कृष्णराज वडियार यांच्या कारकिर्दीत, १९०७ साली, त्या दरबाराने बंगळूर शहराबाहेरची ३७१ एकर जमीन संस्थेस विनामूल्य दिली. त्याखेरीज इमारतींसाठी ५ लक्ष रुपये आणि दरसाल ५० हजार रुपयांचे साहाय्य दिले. २७ मे १९०९ रोजी सरकारचा हुकूम निघाला आणि संस्था कायद्याने अस्तित्वात आली. एक व्यापारी, एक संस्थानिक आणि सरकार अशा तिघांच्या सहकार्यातून ती जन्मास आली.

संस्थेचे पहिले संचालक मॉरिस ट्रॅव्हर्स हे रॅम्झे यांचेच सहकारी होते. नव्या वायूंच्या शोधात त्यांनी रॅम्झे यांच्या खांद्यास खांदा लावून काम केले होते. १९११ च्या फेब्रुवारीत महाराज कृष्णराज यांच्या हस्ते कोनशिला बसवण्यात आली, आणि त्याच वर्षीच्या जुलैत विद्यार्थ्यांची पहिली तुकडी दाखल झाली. आरंभी रसायनशास्त्र, व्यावहारिक रसायनशास्त्र व विद्युत्‌शास्त्र एवढेच विभाग होते. मुख्य इमारतीचा आराखडा मुंबईचे वास्तुशिल्पी सी. एफ. स्टीव्हन्स यांनी तयार केला. मुंबईच्या बोरीबंदरचे भव्य स्थानक ज्यांच्या कल्पनेतून उभे राहिले, त्यांचेच हे चिरंजीव. त्या दगडी इमारतीचा उंच मनोरा आजही दुरून लक्ष वेधून घेतो.

संस्था चालू झाल्यावर थोड्याच काळात तिच्या उपयुक्ततेची प्रचीती आली. म्हैसूरच्या जंगलांत चंदन विपुल. ते लाकूड जर्मनीस जाई आणि तेथे त्याचे तेल काढले जाई. १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले आणि तो व्यापार एकाएकी बंद पडला. तोडलेले चंदन पडून राहिले. तेव्हा संस्थेतील रसायनशास्त्रज्ञांनी प्रयोग करून चंदनाचे शुद्ध तेल येथेच काढण्याची रीत बसवली. त्या रीतीच्या आधारे म्हैसूर सरकारने १९१६ साली बंगळुरात आणि लगेच पुढच्या वर्षी म्हैसुरात तेलाचे कारखाने काढले. कच्चा माल परदेशी पाठवून पक्का माल विकत घेण्याऐवजी तो आपल्याच घरी तयार करता येतो, हा धडा त्या चंदनाने दिला. जमशेटजींच्या मनात होते ते हेच.

१९३३ साली चंद्रशेखर व्यंकट रामन हे संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले. प्रकाश एखाद्या पारदर्शक पदार्थातून जाताना त्याचे किरण पदार्थातील रेणूंवर आदळून विखुरतात. अशा विखुरलेल्या प्रकाशाच्या एका अत्यल्प अंशाचा रंग किंचित बदललेला असतो, आणि त्या बदलावरून पदार्थाच्या रेणूंची रचना ओळखता येते. हा शोध रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कलकत्त्यात लावला आणि त्याबद्दल १९३० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. २८ फेब्रुवारी हा दिवस आपण राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळतो, तो यामुळेच. रामन यांनी बंगळुरात भौतिकशास्त्राचा विभाग सुरू केला, आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून बुद्धिमान तरुण त्यांच्याभोवती जमू लागले.

परंतु विद्येच्या या मंदिराचे एक दार तेव्हा बंद होते. ते उघडण्याचे श्रेय एका महाराष्ट्रीय तरुणीकडे जाते. कमला भागवत हे तिचे नाव. सुप्रसिद्ध मराठी लेखिका दुर्गा भागवत यांची ती धाकटी बहीण. तिचे वडील व चुलते दोघेही रसायनशास्त्रज्ञ. दोघांनीही याच संस्थेत शिक्षण घेतले होते. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी उत्तम गुणांनी मिळवून कमलाने बंगळूरला अर्ज केला. गुणांच्या जोरावर प्रवेश मिळणारच, अशी तिची खात्री होती. पण ती मुलगी आहे एवढ्याच कारणाने तिचा अर्ज नाकारण्यात आला.

कमला मुकाट्याने परत फिरली नाही. ती बंगळुरास जाऊन थेट रामन यांच्यापुढे उभी राहिली आणि आपल्याला कोणत्या न्यायाने नाकारले, हे तिने विचारले. तिच्या निग्रहापुढे रामन यांना नमते घ्यावे लागले. परंतु त्यांनी एक अट घातली. पहिले वर्ष तिला कसोटीवर ठेवण्यात येईल आणि काम समाधानकारक वाटले तरच प्रवेश कायम होईल. ही अट तिच्याबरोबर दाखल होणाऱ्या मुलांना नव्हती. तो अपमान गिळून कमलाने वर्षभर अहोरात्र काम केले. दूध, डाळी आणि कडधान्ये यांतील प्रथिनांचा तिने अभ्यास केला. प्रथिने म्हणजे अन्नातील शरीराची झीज भरून काढणारी व वाढीस लागणारी द्रव्ये. गरिबांच्या ताटात जे अन्न असते त्याचे पोषणमूल्य किती, हा प्रश्न तिच्या अभ्यासाच्या मुळाशी होता. वर्ष संपले तेव्हा रामन यांचे पूर्ण समाधान झाले होते. तिचा प्रवेश कायम झाला. इतकेच नव्हे, तर तिच्यामागून येणाऱ्या मुलींसाठीही संस्थेचे दार उघडले.

पुढे कमलाबाईंनी इंग्लंडमध्ये केंब्रिज विद्यापीठात संशोधन केले. वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम-सी हे श्वसनास आवश्यक असणारे द्रव्य असते, हे त्यांनी बटाट्याच्या अभ्यासातून दाखवून दिले आणि १९३९ साली डॉक्टरेट मिळवली. विज्ञानात हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला समजल्या जातात. विवाहानंतर कमला सोहोनी या नावाने त्यांनी मुंबईच्या विज्ञान संस्थेत अनेक वर्षे अध्यापन व संशोधन केले. ताडाच्या झाडापासून मिळणाऱ्या नीरेच्या पौष्टिकतेवरील त्यांचे काम विशेष गाजले.

कमलाबाईंच्या वाटेने पुढे इतरही आल्या. १९४० साली अ‍ॅना मणी ही केरळची तरुणी रामन यांच्या प्रयोगशाळेत हिरे व माणके यांच्या प्रकाशगुणांचा अभ्यास करू लागली. पुढे पुण्याच्या हवामान खात्यात राहून पाऊस, वारा आणि सूर्यप्रकाश मोजणारी उपकरणे देशातच बनवण्याचे काम तिने मोठ्या जिद्दीने पार पाडले.

१९३९ साली दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा होमी भाभा हे तरुण शास्त्रज्ञ केंब्रिजहून सुटीसाठी मायदेशी आलेले होते. युद्धामुळे त्यांना परत जाता येईना. ते बंगळूरच्या संस्थेत दाखल झाले आणि अवकाशातून पृथ्वीवर सतत येणाऱ्या विश्वकिरणांचा अभ्यास करू लागले. याच विषयावर त्याच काळात विक्रम साराभाई हेही तेथे संशोधन करीत होते. भाभांनी १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन केली. तिचा आरंभ बंगळुरातच झाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ती मुंबईस आली. भारताच्या अणुशक्तीच्या कार्याचा पाया भाभांनी घातला, तर अवकाश संशोधनाचा साराभाईंनी.

महायुद्धाने आणखी एका शास्त्राची गरज पुढे आणली. बंगळुरात विमानांचा कारखाना निघाला होता. पण विमानविद्या शिकलेली माणसे कोठे होती? म्हणून १९४२ साली संस्थेत विमानविद्येचा विभाग उघडण्यात आला. जर्मनीत या विद्येचे अध्ययन केलेले विष्णु माधव घाटगे यांनी त्याची घडी बसवली. त्याच घाटगे यांच्या देखरेखीखाली आखलेले ‘एचटी-२’ हे शिकाऊ वैमानिकांचे विमान १९५१ साली बंगळूरच्या आकाशात झेपावले. त्याच वर्षी सतीश धवन हे तरुण अध्यापक या विभागात आले. विमानाचा नमुना एका बोगद्यात ठेवून त्यावर प्रचंड वेगाने वारा सोडला, म्हणजे खरे विमान हवेत कसे वागेल हे जमिनीवरच कळते. ध्वनीहूनही अधिक वेगाचा वारा निर्माण करणारा असा बोगदा धवन यांनी संस्थेत उभारला. १९६२ पासून सुमारे दोन दशके ते संस्थेचे संचालक होते. त्यातील कित्येक वर्षे अवकाश संशोधनाची धुराही त्यांच्याच खांद्यावर होती.

स्वातंत्र्यानंतर संस्थेचे महत्त्व अधिकच वाढले. १९५८ साली तिला विद्यापीठासमान दर्जा मिळाला आणि पदव्या देण्याचा अधिकार प्राप्त झाला. परंतु संस्थेने आपले लक्ष केवळ विमाने आणि अणू यांवरच ठेवले नाही. १९७४ साली खेड्यांच्या गरजांसाठी विज्ञानाचा उपयोग करणारे एक केंद्र तेथे सुरू झाले. चुलीच्या धुराने ग्रामीण स्त्रियांचे डोळे व छाती यांना किती इजा होते हे ध्यानी घेऊन, थोड्या सरपणात पुरेशी आच देणारी व धूर बाहेर नेणारी चूल तेथील शास्त्रज्ञांनी तयार केली. पुण्याचे माधव गाडगीळ यांनी याच संस्थेत परिस्थितिविज्ञानाचे केंद्र उभारले. सह्याद्रीतील वने, तेथील जीवसृष्टी आणि त्यांच्या आधारे जगणारी माणसे यांचा त्यांनी आयुष्यभर अभ्यास केला. पश्चिम घाटाच्या रक्षणासंबंधी त्यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीचा २०११ सालचा अहवाल आजही चर्चिला जातो.

आरंभी या संस्थेत पदवीधरांनाच प्रवेश मिळत असे. २०११ पासून बारावी उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांसाठीही तेथे चार वर्षांचा अभ्यासक्रम चालू झाला. आता गणितापासून मेंदूच्या शास्त्रापर्यंत नाना विषयांचे संशोधन तेथे चालते. एके काळच्या उजाड माळावर दाट झाडी वाढली आहे. मुख्य इमारतीसमोर जमशेटजींचा पुतळा उभा आहे. त्यांनी संस्थेला आपले नाव दिले नाही. पण बंगळूरचे लोक तिला आजही ‘टाटा इन्स्टिट्यूट’ म्हणूनच ओळखतात. जे नाव दात्याने मागितले नाही, ते लोकांनी आपण होऊन दिले.

लायक विद्यार्थी मिळतील काय आणि त्यांना काम मिळेल काय, या लॉर्ड कर्झन यांच्या शंकांचे उत्तर १८९८ साली कोणापाशीच नव्हते. ते चंदनाच्या तेलाने दिले, विश्वकिरणांच्या अभ्यासाने दिले, बंगळूरच्या आकाशात उडालेल्या विमानाने दिले. लायक विद्यार्थी तर मिळालेच. इतके लायक मिळाले की त्यांतील एकीला प्रवेशासाठी भांडावे लागले. आणि काम? ज्यांना काम कोठे मिळणार अशी चिंता वाहिली गेली, त्यांनीच पुढे हजारोंना काम देणाऱ्या संस्था उभारल्या.

आंब्याची कोय पुरणारा माणूस त्या झाडाची फळे आपल्याला चाखावयास मिळतील या आशेने ती पुरत नाही. पुरणाऱ्याच्या मागे पाणी घालणारे मात्र कोणीतरी लागतात. जमशेटजींनी कोय पुरली. त्यांचे पुत्र, म्हैसूरचा दरबार, अध्यापक आणि विद्यार्थी यांनी तिला पाणी घातले. म्हणूनच आज शंभरहून अधिक वर्षांनंतरही त्या वृक्षाला दरसाल नवी पालवी फुटत आहे.